तारीख पुढे गेली हे पक्षकाराला सगळ्यांत शेवटी का कळतं?

रानजाई

गेल्या महिन्यात आईला घेऊन तालुक्याच्या कोर्टात गेले होते. आजोबांच्या जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून तिने वाटपाचा दावा लावलाय, त्याला आता सात वर्षं होतील. गाव कोर्टापासून ३८ किलोमीटर. पहिली एसटी सव्वासातची. ती चुकली तर पुढची अकराला, म्हणजे पोचेपर्यंत पुकारा होऊन गेलेला. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी आदल्या रात्री पुण्याहून येते आणि एक रजा त्यात जाते. साडेनवाला पोचलो. बोर्डावर आमचा नंबर शोधला, सापडला नाही. शेवटी साडेबाराला शिपाईदादांनी सांगितलं, साहेब प्रशिक्षणाला गेलेत, आजचं सगळं काम पुढे गेलं. हे कधी ठरलं होतं? चार दिवस आधी.

परतीच्या एसटीत बसल्या बसल्या ई-कोर्ट्सचं, म्हणजे खटल्यांची माहिती देणारं सरकारी ॲप उतरवलं आणि वकिलांकडून सीएनआर नंबर मागवला. प्रत्येक खटल्याला असा सोळा अक्षरांचा नंबर असतो. आपल्या राज्यातला 'एमएच'ने सुरू होतो आणि शेवटचे चार आकडे म्हणजे दाखल झाल्याचं वर्ष. तो टाकल्यावर आमच्या दाव्याची सात वर्षं एका पडद्यावर आली. एकूण ५४ तारखा. आई त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना हजर होती. खरं कामकाज झालं असं मला वाटतं त्या तारखा अकरा. बाकीच्या वेळी ती आली, बाकावर बसली, डबा खाल्ला आणि परत गेली.

मला राग आला तो तारखा पडल्या याचा नाही. ही सगळी माहिती सरकारच्या संगणकात होती, फुकट होती, उघड होती, आणि जिच्या जमिनीचा हा दावा आहे तिलाच ती माहीत नव्हती, याचा आला. खटल्याच्या तारखेचा एसएमएस जाण्याची सोय आहे म्हणे. आमच्या दाव्यात आईचा नंबर कुठे नोंदलेलाच नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टं संगणकावर आणण्याच्या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. चार वर्षांसाठी. जुनी कागदपत्रं स्कॅन होणार, कागदविरहित कोर्टं होणार. होऊ देत. पण माझं म्हणणं असं की या पैशातून पहिली गोष्ट पक्षकारासाठी व्हावी. दावा दाखल होताना पक्षकाराचा स्वतःचा मोबाइल नंबर घेतल्याशिवाय दावा नोंदवूच नये. तारीख बदलली की त्याच दिवशी तिला मराठीत निरोप जावा. जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ची आहे, आणि ॲपवर मात्र तारखेपुढे 'एव्हिडन्स', 'ऑर्डर' असे इंग्रजी शब्द. आईला काय कळणार त्यातून? आणि ज्या तारखेला नुसती हजेरी लावायची असते, ती गावातून किंवा जवळच्या मोठ्या गावातून व्हिडिओवर लागावी.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आईला तिच्या सख्ख्या भावाने ऐकवली होती. म्हण कोणाच्या सोयीची आहे ते तेव्हा कळलं. पायरी चढायला कठीण राहिली की ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याचं भागतं.

तुमचं मत काय?

काळा कोट

ताई, तालुका कोर्टात वकिली करतोय त्याला २२ वर्षं झाली. तुमच्या आईंना झालेला त्रास खरा आहे, पण रोगाचं निदान चुकतंय असं मला वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे दिवाणी दाव्यात पक्षकाराने प्रत्येक तारखेला येण्याची गरजच नसते. वकीलपत्र दिलंय, वकील हजर आहेत, तेवढं पुरतं. स्वतःच्या साक्षीला, उलटतपासाला, तडजोडीच्या बोलणीला आणि कोर्टाने बोलावलं तर यावं. ५४पैकी फार तर आठ-दहा वेळा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तारखा का पडतात? कारण एका न्यायाधीशाच्या बोर्डावर दिवसाला ८०-९० प्रकरणं असतात. विधी आयोगाने १९८७ साली १२०व्या अहवालात सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत. आज आपण २१च्या आसपास आहोत. जिल्हा आणि तालुका कोर्टांत चार कोटींहून जास्त खटले पडून आहेत. हा आकडा तुम्हाला राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर घरबसल्या बघता येतो, २०१५पासून तो सर्वांना खुला आहे. गेल्या दहा वर्षांत हा आकडा जास्त नीट दिसू लागला, पण कमी झाला नाही. ॲपमुळे नवा न्यायाधीश तयार होत नाही. खोली नाही, लघुलेखक नाही, साहेबांची बदली होऊन चार महिने जागा रिकामी, आणि आपण एसएमएसबद्दल बोलतोय.

ई-फायलिंगचंही सांगतो. सक्तीची भाषा झाली तेव्हा वकील संघटनांनी विरोध केला, तो आळसापोटी नव्हता. आमच्याकडे दुपारी वीज जाते. दोनशे पानांचा दावा स्कॅन करायचा, पानांना क्रमांक द्यायचे, फाइल ठरलेल्या आकारात बसवायची, आणि मग कागदी प्रतही द्यायचीच. हे दुहेरी काम बाहेरच्या सेंटरवरून करून घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे पक्षकाराच्याच खिशातून जातात. गरिबाच्या नावाने आणलेली सोय गरिबालाच महाग पडते.

रानजाई

वकीलसाहेब, तुमच्या उत्तरातला पहिलाच मुद्दा मी तीन वेळा वाचला. प्रत्येक तारखेला येण्याची गरज नसते.

सात वर्षांत आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. आईला वाटत होतं की एका तारखेला गेलो नाही तर दावा काढून टाकतील. तिच्या ओळखीत एकीचा दावा तसा गैरहजेरीत निकालात निघाला होता, ती भीती तिने धरून ठेवली. मी पदवीधर आहे, मीसुद्धा विचारलं नाही.

न्यायाधीश वाढायलाच हवेत, त्यावर वाद नाही. पण ते होईपर्यंत 'आज यायची गरज नाही' एवढा एक निरोप पाठवायला कोणता न्यायाधीश नेमावा लागतो?

जुना रोजनामा

कोर्टात ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालोय, शेवटी अधीक्षक होतो. म्हणून मोबाइल नंबराबद्दल मला सांगता येईल.

दावा दाखल होताना माहितीचा तक्ता भरतात, त्यात पक्षकाराचा फोन नंबर आणि ईमेल असे रकाने असतात. ते कोण भरतं? वकिलांचा कारकून. तो एक तर मोकळे सोडतो, नाहीतर वकीलसाहेबांचाच नंबर घालतो. त्यात काही कावा नसतो, दिवसभरात दहा दावे भरायचे असतात. आमच्या बाजूने रकाना मोकळा आहे म्हणून दावा परत केल्याचं माझ्या नोकरीत एकदाही झालं नाही. मुद्रांक कमी पडला तर परत करायचो, पत्ता अपुरा असला तर करायचो. म्हणजे नोंद न झालेल्या नंबरात माझाही वाटा आहे.

काळा कोट म्हणतात आकडा नुसता दिसू लागला. साहेब, दिसणं ही लहान गोष्ट नाही. पूर्वी तारीख कोणती पडली हे बघायला पक्षकाराला खिडकीशी उभं राहावं लागायचं. वही आमच्याकडे. वही उघडायची की नाही ते आमच्या मर्जीवर, आणि मर्जी कशी वळायची ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती वही आज कोणालाही उघडता येते. रोजनाम्यात, म्हणजे त्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिलं, कोणाच्या अर्जावर तारीख दिली, आदेशाची प्रत, सगळं. आपल्या प्रकरणाची कागदं बघता येणं ही माझ्या लेखी कोर्टाची पायरी सोपी होण्याची सुरुवात आहे.

प्रवाही

या चर्चेत दोन्ही बाजू फार लहान मागणी करतायत असं मला वाटतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून कदाचित.

तारीख कळवण्याऐवजी तारखेची गरजच का ठेवायची? केरळात कोल्लमला नोव्हेंबर २०२४पासून चोवीस तास चालणारं ऑनलाइन कोर्ट सुरू झालं. चेक न वटल्याचे खटले तिथे ऑनलाइन दाखल होतात आणि पुढची पावलं बहुतांशी पडद्यावरच चालतात. रस्त्यावरच्या वाहतुकीचे दंड आपल्याकडे व्हर्च्युअल कोर्टात भरता येतातच. ग्राहक आयोगाचं उदाहरण तर घरचं आहे. एका कंपनीने माझ्या सासऱ्यांना वॉशिंग मशीन बदलून द्यायला नकार दिला. आम्ही ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाकली. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावला नाही. दोन सुनावण्या फोनवरच झाल्या. पैसे परत आले. सासरे ७४ वर्षांचे आहेत आणि जिना उतरत नाहीत, त्यांच्या दृष्टीने कोर्ट घरी आलं.

आता पुढचं पाऊल म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. सर्वोच्च न्यायालयाचं 'सुवास' हे भाषांतराचं सॉफ्टवेअर २०१९पासून आहे. पक्षकाराने मराठीत बोलून हकीकत सांगावी आणि यंत्राने कायद्याच्या भाषेत दावा लिहून द्यावा, हे आजच शक्य आहे. मग आईला सात वर्षं अंधारात का राहावं लागेल?

काळा कोट

प्रवाही, शक्य आहे आणि त्यावर विसंबता येईल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीकडून निवाडे शोधून घेतले आणि कोर्टात दिले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला. त्यांच्याकडे पदवी होती, अनुभव होता, तरी फसले. रानजाईंच्या आईंना यंत्राने खोटं कलम सांगितलं तर त्यांना कसं कळणार? तुम्ही ज्या केरळचं नाव घेतलं, तिथल्याच उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, त्यात निर्णय देण्यासाठी किंवा निष्कर्ष काढण्यासाठी या साधनांचा वापर करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय.

भाषांतराचंही तेच. अपिलाच्या आदेशात 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपील करायला परवानगी. यंत्र सहज 'रजा मंजूर' लिहील. वाचणारा मराठी माणूस कोणाची रजा म्हणून बसेल.

आणि चेक, दंड, वॉशिंग मशीन ही सोपी प्रकरणं आहेत. कागदावर सुरू होतात आणि कागदावर संपतात. वाटपाच्या दाव्यात वंशावळ आहे, तोंडी वाटणी झाली होती का हा प्रश्न आहे, ८० वर्षांचा साक्षीदार आहे. साक्षीदार उत्तर देताना कोणाकडे बघतो, कुठे अडखळतो, हे मी समोर उभा राहून पाहतो. तो फोनवर असेल तर खोलीत त्याच्या मागे कोण उभं आहे ते मला दिसत नाही.

दूरदेशी

थोडी भर. व्हिडिओवर साक्ष घेता येते हा निवाडा महाराष्ट्रातल्याच खटल्यातून आलाय, महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई, २००३. त्या खटल्यातले डॉक्टर साक्षीदार अमेरिकेत होते आणि भारतात यायला तयार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीच्या समोर साक्ष घेणं म्हणजे एकाच खोलीत शरीराने असणं असं नाही.

मी दुबईत असतो. वडिलांच्या मृत्युपत्राच्या प्रकरणात माझी साक्ष भारतीय वकिलातीच्या खोलीत बसून झाली. खोलीत कोण आहे ते एक अधिकारी आधी बघून घेत होते. म्हणजे वकीलसाहेबांच्या शंकेला उत्तर आहे, फक्त त्या टोकाला जबाबदार माणूस हवा. गावातल्या साक्षीदारासाठी तसा माणूस कोण?

बांधावरचा

इथे सगळे कोर्टाबद्दल बोलतायत. शेतकऱ्याचं पहिलं कोर्ट तहसील कचेरीत असतं.

सातबारा ऑनलाइन झाला. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. तलाठ्याला शोधत चावडीवर बसायचं संपलं, ही मोठी गोष्ट झाली, मी नाकारत नाही. पण हस्तलिखित उतारा संगणकात भरताना आमच्या गटाचं क्षेत्र १४ गुंठ्यांनी कमी लागलं. कोणी कमी केलं? कोणीच नाही, भरताना चुकलं. कागदावर होतं तेव्हा बरोबर होतं. आता संगणकावरचंच खरं, कागदाला कोणी विचारत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज केला. जुना उतारा काढा, फेरफाराची नक्कल काढा, मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल आणा. एका बटणाने झालेली चूक काढायला दीड वर्ष आणि तेरा खेपा. तेवढ्या काळात सोसायटीचं कर्ज अडलं.

म्हणून माझं सांगणं, यंत्रात घालताना चुकलं तर ती चूक सरकारने स्वखर्चाने आणि ठरलेल्या दिवसांत काढली पाहिजे. सिद्ध करायचं ओझं शेतकऱ्यावर नको.

दुसरं. माझ्या शेताचा रस्ता अडवला तेव्हा मामलेदार कोर्ट कायद्याखाली दावा केला होता. १९०६चा कायदा, पण अजून कामाचा. तहसीलदार स्वतः बांधावर आले, चाकोरी बघितली, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं, निकाल दिला. फोटोत फक्त गवत दिसलं असतं. हे काम कोणत्याही ॲपने व्हायचं नाही.

ओसरी

मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करते, म्हणजे तालुका विधी सेवा समितीच्या वतीने गावागावांत जाऊन माहिती देते. नऊ वर्षं. जास्त करून बायकांची प्रकरणं. मला या धाग्यावरचे दोन्ही पक्ष थोडे शहरी वाटतात, राग मानू नका.

पक्षकाराचा 'स्वतःचा' मोबाइल नंबर, असं रानजाई ताईंनी लिहिलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरायला स्वतःचा फोन असणाऱ्या ५४ टक्के होत्या. उरलेल्या बायकांचा नंबर म्हणजे नवऱ्याचा, दिराचा, मुलाचा. पोटगीच्या खटल्याची तारीख नवऱ्याच्याच फोनवर आली तर काय होईल? हे मी कल्पनेतलं सांगत नाही. एका बाईंनी फोनवरून सल्ला घेतला होता. नवऱ्याने कॉलची यादी बघितली आणि दुसऱ्या दिवशी त्या माहेरी आल्या, हाताला पट्टी होती.

१ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. कागदावर फार चांगली तरतूद. पण ज्या घरातून तीन दिवसांत बाहेरच पडता येत नाही, तिथल्या बाईसाठी ती तक्रार नोंदलीच जात नाही, आणि दरम्यान फोन तपासला गेला तर मार वाढतो.

कौटुंबिक वादात व्हिडिओ सुनावणीवर सर्वोच्च न्यायालयातच मतभेद झाले होते. २०१७ साली बहुमताने ठरलं की तडजोडीचे प्रयत्न चालू असताना ती लादता येणार नाही, नंतरही दोघांची तयारी हवी. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळं मत दिलं होतं. मी दोन्ही बाजूंची प्रकरणं पाहिली आहेत. एका मुलीला नवऱ्यासमोर बसून बोलायचा थरकाप व्हायचा, तिला पडद्याने सोडवलं. दुसरी सासरच्या घरातूनच फोनवर हजर झाली आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'काही तक्रार नाही' म्हणाली. तिच्यामागे सासू उभी होती हे मला नंतर कळलं.

म्हणून मला यंत्राच्या शेजारी माणूस हवा. दूरदेशींनी विचारलं की गावाच्या टोकाला तो माणूस कोण. आम्ही आहोत ना. स्वयंसेवक आहेत, सामायिक सेवा केंद्रांतून टेली-लॉ २०१७पासून चालू आहे, तिथे वकिलाशी व्हिडिओवर बोलता येतं. पण आम्हाला दिवसाच्या हिशेबाने मानधन आणि ओळखपत्र एवढंच मिळतं. बंद होणारं दार असलेली एक खोली प्रत्येक मोठ्या गावात मिळाली, तर मी माझ्या बायकांना तिथून कोर्टात हजर करीन आणि दाराबाहेर मी उभी राहीन.

आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, १९८७च्या विधी सेवा कायद्यात मोफत वकील मिळतो. फोन १५१००. मालमत्तेच्या दाव्यात बायकांना महाराष्ट्रात कोर्ट फीसुद्धा माफ आहे, १९९४पासून. हे सांगायला तंत्रज्ञान लागत नाही आणि तरी निम्म्यांना माहीत नसतं.

पंचगंगा

कोल्हापूरचा आहे म्हणून एकच मुद्दा.

उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापूरला हवं म्हणून चाळीस वर्षांहून जास्त काळ आंदोलन झालं. वकिलांनी उपोषणं केली, कामावर बहिष्कार घातला. करोनानंतर व्हिडिओ सुनावणी सुरू झाली तेव्हा काही जण म्हणाले, आता खंडपीठाची गरजच काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणत्याही उच्च न्यायालयाने व्हिडिओची सोय नाकारू नये. तरी आमची मागणी कमी झाली नाही. १८ ऑगस्ट २०२५ला सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. पहिल्या दिवशी खेड्यांतून माणसं नुसती इमारत बघायला आली होती. माझे चुलते त्यात होते. त्यांची केस १९९८ची आहे, मुंबईला जायचं म्हणजे पावणेचारशे किलोमीटर आणि लॉजचा खर्च. ते म्हणाले, आता वकिलाला विचारायला तरी जाता येईल.

माणसाला आपलं कोर्ट हात लावता येईल एवढ्या अंतरावर हवं असतं.

प्रवाही

पंचगंगा, सावंतवाडीच्या माणसाला कोल्हापूरही घाट चढूनच गाठायचंय. प्रत्येक तालुक्यात बेंच होणार नाही. अंतर कुठेतरी उरतंच, आणि उरलेल्या अंतरासाठीच मी बोलतोय.

ओसरी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मात्र मी माझं म्हणणं बदलतो. 'घरी आलेलं कोर्ट' सासऱ्यांसाठी चांगलं होतं कारण घर त्यांचं होतं. याचा विचार मी केला नव्हता.

पायवाट

तुरुंगातल्या माणसांबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले.

आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाचे आदेश टाकायची एक पेटी आहे, २०२१ साली ती सगळ्या वाहिन्यांवर दिसली. ठरलेल्या वेळेनंतर पोचलेला आदेश दुसऱ्या दिवशी. म्हणजे जामीन मिळालेला माणूस कागद वाहतुकीत अडकला म्हणून एक रात्र आत. मार्च २०२२ मध्ये 'फास्टर' ही व्यवस्था आली, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश थेट तुरुंगाकडे इलेक्ट्रॉनिक मार्गाने जातो. जानेवारी २०२३च्या आदेशात तर असं आहे की जामीन देणाऱ्या कोर्टाने प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला ईमेल करायची, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. मला ही रचना आवडते. यंत्र निरोप देतं आणि निरोप वाया गेला तर कोणत्या माणसाने हलायचं ते लिहून ठेवलंय.

पण त्याच तुरुंगांत कोठडी वाढवताना आरोपी पडद्यावर दाखवतात. पोलीस व्हॅनचा खर्च वाचतो, मान्य. मी ज्यांना भेटतो ते सांगतात की अर्ध्या मिनिटात नाव विचारून संपतं. प्रत्यक्ष कोर्टात नेलं की वकिलाशी जिन्यावर दोन शब्द होतात, आई लांबून दिसते, पाठीवरचे वळ न्यायाधीशांना दाखवता येतात. कॅमेऱ्यासमोर बाजूला तुरुंगाचाच शिपाई उभा असताना वळ कोण दाखवणार? यात बचत सरकारची होते आणि किंमत कैदी मोजतो.

काळा कोट

पायवाटांशी पूर्ण सहमत. त्याच धर्तीवर, जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावायची नाही. उलट २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी टाळाटाळ करणाऱ्या देणेकऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस मान्य केली होती, निळ्या खुणा दिसल्या म्हणून. दोन्ही बरोबर आहेत. तिथे बँकेच्या पैशाचा प्रश्न होता, इथे अटकेचा. ज्याचं जास्त जाणार त्याच्या हातात कागद पडलाच पाहिजे.

रानजाई ताई, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर, म्हणजे तारखेच्या निरोपावर, मी मागे येतो. आज ऑफिसात कारकुनाला बसवून चालू असलेल्या दाव्यांत पक्षकारांचे नंबर तपासले. ११२पैकी ९ ठिकाणी आहेत. बाकी सगळीकडे माझा. न्यायाधीश कमी आहेत हे मी आजही म्हणेन, पण या १०३ माणसांना मी अंधारात ठेवलंय. या महिन्यात जे येतील त्यांना विचारून नंबर भरून घेतो. बायकांना आधी विचारीन की फोन कोणाकडे असतो.

व्हिडिओवर साक्ष मात्र नको, यावर मी ठाम आहे.

रानजाई

साक्षीबद्दल आपलं जमणार नाही, वकीलसाहेब. आईची उलटतपासणी अजून बाकी आहे आणि तिला मामाच्या समोर उभं राहून बोलायचंय, ती स्वतःच म्हणते. पण तिच्या बाजूची साक्षीदार आत्या ८३ वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलेली. ती त्या पायऱ्या चढू शकणार नाही. तिची साक्ष ओसरी ताई म्हणतात तशा खोलीतून झाली नाही तर ती कधीच होणार नाही.

आईला काल सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. प्रत्येक तारखेला जायची गरज नसते, यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या ५४ दिवसांत मी खुरपायला गेले असते.

रोजनामा काका, चालू दाव्यात आता आईचा नंबर घालून घ्यायचा तर काय करायचं?

जुना रोजनामा

दावा क्रमांक, सीएनआर, आईंचं पूर्ण नाव आणि नंबर लिहून साधा अर्ज करा, मराठीत चालतो. आत्याबाईंसाठी वेगळा अर्ज वकिलांकडून द्यायला लावा, डॉक्टरांचा दाखला जोडून. कमिशनर नेमून घरी साक्ष घेण्याची तरतूद दिवाणी संहितेत पूर्वीपासून आहे, व्हिडिओची वाट बघायला नको.

नंबराचा अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सही आईंची लागेल, त्यामुळे ती घरूनच करून घ्या. त्यासाठी त्यांना एसटीत बसवू नका.